चाचणीलाही नोंदणी हवी, मुदतही हवी: मानसशास्त्रीय चाचण्यांच्या नियमनाबाबत खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
मा. केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्री,
मा. अध्यक्ष, भारतीय पुनर्वास परिषद,
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग,
नवी दिल्ली

विषय: मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी राष्ट्रीय निकष, सार्वजनिक नोंदवही आणि नॉर्म्सना (गुणांची तुलना ज्यांच्याशी करतात त्या मानकांना) कालमर्यादा ठरवण्याबाबत

महोदय, महोदया,

जानेवारी 2018 मध्ये राजपत्रात दिव्यांगत्व मोजण्याच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांत बौद्धिक अक्षमतेसाठी एक तक्ता आहे. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीवर (मूल रोजची कामे वयाच्या मानाने किती करते, हे मोजणारी चाचणी) 55 ते 69 गुण आले तर दिव्यांगत्व 50 टक्के, 70 ते 84 आले तर 25 टक्के. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 खालचे महत्त्वाचे लाभ 40 टक्क्यांपासून पुढे लागू होतात: सरकारी नोकरीतले 4 टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या 5 टक्के जागा. पालकांची आयकरातली वजावटही तिथूनच सुरू होते. म्हणजे 69 आणि 70 यांच्यामधला एक गुण घराचे पुढचे वीस-तीस वर्षांचे गणित ठरवतो. या सूचना 2024 मध्ये सुधारल्या गेल्या, पुढेही सुधारतील. आमचा प्रश्न वेगळा आहे. तो 69 किंवा 70 ज्या साधनाने मोजला, ते साधन कोणी तपासले होते आणि कधी?

किराणा दुकानातला वजनकाटा वैध मापनशास्त्र अधिनियम, 2009 खाली ठरावीक मुदतीने पडताळला जातो आणि त्यावर शिक्का बसतो. शिक्क्याची मुदत उलटली तर निरीक्षक कारवाई करतो. मुलाची बुद्धी, वाचन, स्वभाव किंवा नोकरीसाठीची पात्रता मोजणाऱ्या साधनाला शिक्का नाही, मुदत नाही आणि ते तपासणारे कार्यालयही नाही.

आजचे कायदे माणसाची नोंद ठेवतात. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, 1992 मुळे चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदवही आली. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 ने त्यांची व्याख्या केली. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय अधिनियमाने बाकीच्या मानसशास्त्रज्ञांना आपल्या अनुसूचीत घेतले. चाचणी कोणी करावी याचे कमी-अधिक उत्तर या तिन्हींत सापडते. चाचणी कोणती असावी, ती कोणत्या भाषेत आणि कोणत्या वयासाठी चालावी, तिची मानके किती जुनी असली तर ती बाद समजावी, याबद्दल तिन्ही गप्प आहेत. एनसीईआरटीकडे शैक्षणिक व मानसशास्त्रीय चाचण्यांचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि ते उपयोगाचेही आहे. पण ग्रंथालयात एखादी चाचणी ठेवली म्हणून तिला कोणी मान्यता दिली असे होत नाही. परिणामी नोंदणीकृत, सुशिक्षित, प्रामाणिक तज्ज्ञ कालबाह्य साधनाने चुकीचा आकडा देऊ शकतो आणि त्यात कायद्याचा कुठलाही भंग होत नाही.

कच्चे गुण मुके असतात. मुलाने 23 प्रश्न बरोबर सोडवले, याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. त्याच वयाची, त्याच भाषेतली, साधारण तशाच परिस्थितीतली मुले किती सोडवतात हे कळले की त्या 23 ला अर्थ येतो. तुलनेसाठी गोळा केलेली ही मानके म्हणजेच नॉर्म्स. चाचणीची पेटी, पुस्तिका, चित्रे हा सगळा सांगाडा झाला. निकाल देतात ते नॉर्म्सचे तक्ते.

आपल्याकडे ज्या चाचण्यांवर पिढ्या शिकल्या, त्यांचा इतिहास अभिमानाचा आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात स्टॅनफर्ड-बिने ही बुद्धिचाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडवली. डॉ. आर्थर मलिन यांनी नागपुरात 1960 च्या दशकात वेक्सलर यांच्या 1949 च्या बालचाचणीचे भारतीय रूप बांधले, सामाजिक परिपक्वता श्रेणीही त्यांनीच इथे आणली. डॉ. सी. एम. भाटिया यांची 1955 ची कृती-चाचणीमाला उत्तर प्रदेशातल्या 11 ते 16 वयाच्या मुलग्यांवर प्रमाणित झाली. मुली त्या नमुन्यात नव्हत्या. हाताशी संगणक नसताना या मंडळींनी जे केले, त्याची बरोबरी पुढच्या काळात आपण सार्वजनिक पैशातून क्वचितच केली. दोष त्यांचा नाही. त्यांच्या नॉर्म्सवर आपण किती काळ बसून राहिलो, तो आपला दोष आहे. परिपक्वता श्रेणीची मूळ आवृत्ती एडगर डॉल यांनी 1935 मध्ये अमेरिकेत काढली. तिथे 1984 मध्ये तिची पूर्ण नवी मांडणी झाली, मग 2005 आणि 2016 मध्ये पुढच्या आवृत्त्या आल्या. आपल्या 2018 च्या राजपत्रात मात्र अर्धशतकापूर्वीचे रूपांतर होते.

जुन्या नॉर्म्सनी नेमके काय बिघडते? जेम्स फ्लिन यांनी 1980 च्या दशकात अनेक देशांची आकडेवारी मांडून दाखवले, की बुद्धिचाचण्यांवरची सरासरी कामगिरी दर दहा वर्षांत सुमारे 3 गुणांनी वाढत होती. हा वेग एखाद्या समाजात पन्नास वर्षे टिकला, तर जुन्या तक्त्यावर सगळ्यांचेच आकडे 15 गुणांनी फुगतात. आजच्या मुलांच्या तुलनेत ज्याचा बुद्ध्यांक 65 आहे, त्याला जुना तक्ता 80 देतो. ज्याला आधाराची खरी गरज आहे, नेमके तेच मूल बाहेर राहते. मग जुन्या आकड्यातून 15 वजा करून टाकावेत का? तसेही चालणार नाही. नॉर्वे आणि डेन्मार्कसारख्या देशांत ही वाढ पुढे थांबली, उलटीही फिरली. एकाच देशात शहर आणि पाडा यांचा वेग सारखा नसतो, शाब्दिक आणि कृतिप्रश्नांचाही नसतो. नव्याने मोजणे हाच एक मार्ग उरतो.

दुसरा बिघाड सूत्रातच आहे. मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले शंभर, हे गुणोत्तराचे सूत्र कामत चाचणीत आहे आणि परिपक्वता श्रेणीतही आहे. शिकवायला ते सोपे आहे, पण त्यातून येणाऱ्या 70 चा अर्थ वयाप्रमाणे बदलतो. 1937 च्या स्टॅनफर्ड-बिनेची आकडेवारी तपासली तेव्हा सहाव्या वर्षी प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) 12.5 आणि बाराव्या वर्षी 20 निघाले. याचा अर्थ असा, की सहा वर्षांच्या शंभर मुलांत 70 च्या खाली जेमतेम एक येते, तर बारा वर्षांच्या शंभरांत सहा-सात. मूल तेच, सूत्र तेच, तरी सहाव्या वर्षी नाकारलेले प्रमाणपत्र बाराव्या वर्षी मिळू शकते. मूळ चाचणीने 1960 मध्ये हे सूत्र सोडून वयानुसार विचलनाची पद्धत घेतली, म्हणजे मूल आपल्या वयाच्या सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचे. प्रमाणपत्रासारख्या निर्णयासाठी गुणोत्तर बुद्ध्यांक आता थांबवायला हवा. आमच्या मते यात वादाला फारशी जागा नाही.

नमुन्याचा आकार हा तिसरा मुद्दा. एका वयोगटात शंभर मुले घेतली, तर 70 च्या खाली येणारी साधारण दोन असतात. म्हणजे त्या वयाची सीमारेषा फक्त दोन मुलांच्या उत्तरांवर उभी राहते. त्यांतल्या एकाला त्या दिवशी ताप असेल, तर रेषा सरकते आणि पुढची वीस वर्षे हजारो मुलांसाठी सरकलेलीच राहते. पुस्तिकेत ‘एकूण नमुना 1200’ असे ठळक छापलेले असते. तो आकडा वयोगट, लिंग, माध्यम आणि भाषा यांत फोडून पाहिला की कित्येकदा एका खणात पंचवीस-तीसच मुले उरतात. म्हणून निकष एकूण संख्येवर लावू नका, खणातल्या संख्येवर लावा.

मोजणीतली चूक अहवालात दिसलीच पाहिजे, हा आमचा आग्रह आहे. समजा चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा मोजले तर आकडा किती तसाच येतो याचे माप) 0.90 आहे आणि प्रमाण विचलन 15. मोजमापाची प्रमाण त्रुटी येते 15 गुणिले 0.10 चे वर्गमूळ, म्हणजे 4.7. मुलाला 72 मिळाले, तर 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की त्याचा खरा गुण 63 ते 81 च्या दरम्यान आहे. विश्वसनीयता 0.80 असेल तर त्रुटी 6.7 वर जाते आणि हा पट्टा 59 ते 85 एवढा पसरतो. अशा पट्ट्यावर एका गुणाची रेषा ओढताना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाला सारासार विचार करण्याची मुभा हवी. पण समोर पट्टा नसून नुसता ‘72’ असेल, तर मंडळ तरी काय करणार?

याच ठिकाणी मुलांचा एक अख्खा गट हातातून निसटतो. 2018 च्या सूचनांप्रमाणे विशिष्ट अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन, गणित शिकण्यातल्या अडचणीची) तपासणी बुद्ध्यांक 85 च्या वर असेल तरच पुढे जाते, आणि 70 ते 84 ला 25 टक्केच दिव्यांगत्व मिळते. मधल्या मुलांना इकडूनही काही नाही आणि तिकडूनही नाही. ही धोरणाची निवड आहे, तिच्यावर स्वतंत्र चर्चा व्हावी. पण ज्या जुन्या चाचणीने 78 चे 88 होऊ शकतात किंवा 88 चे 78, त्या चाचणीने मुलाला या खणात टाकणे हे धोरण नव्हे. ती मोजमापातली चूक आहे.

भाषेच्या बाबतीत घोळ सर्वांत मोठा आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. पुढची उदाहरणे मुद्दाम बनवलेली आहेत. खऱ्या चाचणीतले प्रश्न उघड लिहिले की ती चाचणी वाया जाते.

सारखेपणा ओळखण्याचा प्रश्न घ्या. इंग्रजी पुस्तिकेवरून परीक्षक जागच्या जागी भाषांतर करतो: ‘चमचा आणि वाटी यांत सारखं काय?’ सहा वर्षांच्या मुलाच्या कानाला ‘सारखं’ म्हणजे ‘सतत’ही असते: ‘सारखं काय खेळतोस?’ ते गोंधळून गप्प बसते आणि शून्य गुण. दुसरा परीक्षक ‘साम्य’ म्हणतो. तो पुस्तकी शब्द गावाकडच्या मुलाने ऐकलेलाच नसतो. तिसरा विचारतो, ‘दोन्ही कशासाठी वापरतात?’ त्याने उत्तराची अर्धी वाट दाखवून दिली, मुलाला पूर्ण गुण. तिन्ही अहवालांत चाचणीचे नाव मात्र एकच.

अंकांची साखळी ऐकून तशीच म्हणायची, हा स्मरणाचा नेहमीचा प्रश्न. अंकांचे शब्द उच्चारायला जितका जास्त वेळ, तितके कमी अंक ध्यानात राहतात, हे वेल्श आणि इंग्रजी अंकांच्या तुलनेत 1980 मध्येच दिसले होते. म्हणून इंग्रजी नॉर्म्स लावून मराठीतली अंकसाखळी तपासता येत नाही. गणिताच्या श्रुतलेखनात तर आणखी गंमत नाही, घातच आहे. ‘पंच्याहत्तर’ ऐकताना पाच आधी येतो, लिहिताना सात आधी लिहायचा. ‘एकोणसाठ’ ऐकले की मनात साठ येतात, लिहायचे 59. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 मध्ये ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादाच्या मुळाशी हीच अडचण होती. आता मूल 75 ऐवजी 57 लिहिते तेव्हा ती गणन-अक्षमतेची खूण समजायची की मराठी संख्यानामांचा नेहमीचा अडथळा? दुसरी-तिसरीतली किती मराठी मुले असे लिहितात, हे मराठी नॉर्म्सशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

लेखन-वाचनाचेही तसेच. इंग्रजी वाचन-चाचण्या चुका मोजण्यावर भर देतात, कारण त्या लिपीत चुकायला जागा खूप. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे, त्यामुळे अडचण असलेले मूलही पुष्कळदा बरोबर वाचते, पण एकेक अक्षर जोडत, फार हळू. जर्मनसारख्या सरळ लिपीच्या भाषांतही हेच आढळले आहे. नुसत्या चुका मोजल्या तर हे मूल ‘ठीक’ ठरते. मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले हे मोजले तरच ते सापडते. शुद्धलेखनात उलटी चूक होते. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला घोटाळा चांगल्या शिकलेल्या मोठ्यांचाही होतो. ‘क्रम’च्या जागी ‘कर्म’ लिहिणे, रफार आणि रकार यांची अदलाबदल वारंवार करणे, जोडाक्षरातला अर्धा भाग गाळणे, यांना निदानात अधिक वजन आहे. दोन्हींना एकच गुण वजा करणारी पद्धत मराठीसाठी बांधलेली नाही.

आणि मराठी माध्यमाच्या शाळेतले मूल मराठी बोलणाऱ्या घरातले असेलच असेही नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिली आणि पावरी. ज्याची शाळेची भाषा आणि घराची भाषा वेगळी, त्याच्या शाब्दिक बुद्ध्यांकावरून बौद्धिक अक्षमता ठरवू नये. अशा मुलासाठी घरची भाषा जाणणारा प्रशिक्षित दुभाषा, अशाब्दिक चाचणी आणि दैनंदिन कौशल्यांची तपासणी या तिन्ही गोष्टी बंधनकारक असाव्यात. नातेवाईक दुभाषा म्हणून चालू नये. तो प्रेमापोटी उत्तर सुचवतो, किंवा मुलाचे अडखळते उत्तर सुधारून सांगतो.

आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाने भाषांतर आणि रूपांतराचे 18 निर्देश 2017 च्या दुसऱ्या आवृत्तीत दिलेले आहेत. त्यांच्या आधाराने आपल्यासाठी किमान क्रम असा असावा: दोन स्वतंत्र भाषांतरे, ती जुळवणारी तिसरी व्यक्ती, मूळ प्रत न पाहिलेल्याकडून उलट भाषांतर, शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ असलेल्या गटाचे परीक्षण. मग दहा-पंधरा मुलांना प्रश्न विचारून ‘तुला काय विचारलं असं वाटलं?’ हे ऐकणे. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि ‘सारखं’सारखे दोष नेमके इथेच पकडले जातात. त्यानंतर शंभरएक मुलांवर पूर्वचाचणी, प्रत्येक गटात किमान 200 मुले घेऊन एखादा प्रश्न विशिष्ट गटावर अन्याय करतो का याचे विश्लेषण, आणि शेवटी नॉर्म्स. उलट भाषांतर जुळले म्हणजे काम झाले, ही समजूत सोडायला हवी. शब्द जुळूनही प्रश्नाची काठिण्यपातळी बदललेली असू शकते.

साहित्याच्या दर्जाकडेही पाहा. मूळ पेटी एक आणि उत्तरपत्रिका झेरॉक्सच्या झेरॉक्स, हे चित्र सर्रास आहे. चित्रांतली बारीक रेघ तिसऱ्या प्रतीत पुसली जाते आणि ‘काय कमी आहे’ हे विचारणाऱ्या प्रश्नात सगळेच कमी दिसते. रंग उडालेले ठोकळे, हरवलेल्या तुकड्याच्या जागी सुताराकडून करून घेतलेला तुकडा. सेग्विनच्या आकृतिफलकात दहा लाकडी आकार खाचांत बसवायचे असतात, तीनदा, आणि सर्वांत कमी वेळ धरायचा. पावसाळ्यात लाकूड फुगले आणि तारा खाचेत अडकू लागला, की चार-पाच सेकंद तिथेच जातात. ते मुलाच्या नावावर लागतात. प्रत्येक केंद्राने वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, साहित्याची तपासणी करून नोंद ठेवावी: तुकड्यांची संख्या, मापे, रंग, पुस्तिकेची आवृत्ती, स्टॉपवॉच. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

वयाची मर्यादाही तपासा. 2018 च्या सूचनांत अध्ययन अक्षमतेची तपासणी आठव्या वर्षी आणि फेरतपासणी 14 व 18 व्या वर्षी सांगितली होती, आणि त्यासाठी नाव होते निम्हान्सच्या (बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या) चाचणीसंचाचे. त्या संचाचा दुसरा स्तर साधारण 8 ते 12 वयासाठी आहे. अकरावी-बारावीतल्या मुलाला प्राथमिक शाळेचे साहित्य वाचायला दिले, तर त्याची अडचण मिटली असे खोटेच दिसते आणि परीक्षेतला जादा वेळ हातचा जातो. संच बनवणाऱ्यांनी तो या कामासाठी बनवला नव्हता. कोणती चाचणी कुठे लावायची हे नियमात लिहिण्यापूर्वी तपासणारे कोणी नव्हते, ही अडचण आहे.

बाजाराबद्दल थोडक्यात. बोटांच्या ठशांवरून मुलाची ‘बुद्धिमत्तेची प्रतवारी’ सांगणारी डीएमआयटी शाळांमधून आणि पालकसभांमधून विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही, हे इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने जाहीरपणे सांगितले आहे. तरी ती विकण्यास अडवणारा एकही नियम दाखवता येत नाही. नोकरभरतीतल्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांची हीच गत. दक्षिण आफ्रिकेच्या 1998 च्या रोजगार समानता कायद्यातले कलम 8 यासाठी वाचण्यासारखे आहे: चाचणी शास्त्रीयदृष्ट्या यथार्थ (जे मोजायचे तेच मोजणारी) आणि विश्वसनीय असल्याचे दाखवता आले पाहिजे, ती सगळ्यांना न्याय्यपणे लावता आली पाहिजे आणि कोणत्याही गटाविरुद्ध झुकलेली नसली पाहिजे, नाही तर बंदी. सिद्ध करण्याचा भार चाचणी लावणाऱ्यावर. पुढे तिथेच चाचणीला प्रमाणित करून घेण्याची चौथी अट जोडली गेली, आणि ती लागू करणारी अधिसूचना 2017 मध्ये न्यायालयाने रद्द ठरवली. आपण शिकायचे ते हे: प्रमाणित करणारी यंत्रणा आधी उभी करा, सक्ती नंतर.

ब्राझीलमध्ये मानसशास्त्राची संघीय परिषद 2003 पासून चाचण्या तपासून अनुकूल-प्रतिकूल यादी प्रसिद्ध करते. ती यादी कोणालाही पाहता येते. मात्र चाचण्यांची विक्री फक्त मानसशास्त्रज्ञांपुरती ठेवण्याचा नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये घटनाबाह्य ठरवला. म्हणून विक्री रोखण्यावर सारा भर देऊ नका. वापर, निकाल आणि अहवाल यांवर नियमन ठेवा. नेदरलँड्समधली कोटान समिती 1959 पासून काम करते आहे. ती सात निकषांवर स्वतंत्र परीक्षण करते: सैद्धांतिक पाया, साहित्य, पुस्तिका, नॉर्म्स, विश्वसनीयता आणि दोन प्रकारची यथार्थता. 15 वर्षांपेक्षा जुन्या नॉर्म्सवर ती ‘जुने’ असा शेरा मारते आणि 20 वर्षांनंतर ‘वापरण्यायोग्य नाहीत’ असा. व्यक्तीच्या आयुष्यावर मोठा परिणाम करणाऱ्या निर्णयासाठी विश्वसनीयता 0.80 च्या खाली असेल तर ती अपुरी, 0.90 आणि वर असेल तर चांगली. हे आकडे आपण जसेच्या तसे घेऊ शकतो.

आम्हाला हवी आहे ती अशी राष्ट्रीय नोंदवही. प्रत्येक चाचणीची स्वतंत्र नोंद, आणि प्रत्येक भाषेतल्या रूपाचीही स्वतंत्र नोंद; हिंदी रूप मान्य झाले म्हणून मराठी आपोआप मान्य होऊ नये. नोंदीत आवृत्ती, वयोगट, नॉर्म्स गोळा केल्याची वर्षे (पुस्तिका छापल्याचे वर्ष नव्हे), नमुन्याची वयोगटवार फोड, प्रत्येक वयाची विश्वसनीयता आणि त्रुटी, कोणत्या कामासाठी परवानगी आणि कोणत्या कामासाठी नाही, चाचणी करणाऱ्याची किमान पात्रता, पुढच्या फेरतपासणीची तारीख. परवानगी कामानुसार द्या. शाळेतल्या प्राथमिक चाळणीला चालणारी चाचणी प्रमाणपत्राला चालेलच असे नाही. परीक्षण दोन स्वतंत्र तज्ज्ञांकडून व्हावे, मतभेद झाला तर तिसऱ्याकडून. प्रकाशकाशी आर्थिक संबंध असलेला परीक्षक नको. प्रकाशकाला उत्तर देण्याची संधी असावी आणि परीक्षण पूर्ण प्रसिद्ध व्हावे. संगणकावर घेतल्या जाणाऱ्या चाचणीला कागदी चाचणीचे नॉर्म्स लावायचे असतील, तर दोन्ही सारख्याच पडतात याचा पुरावा मागा.

जुन्या चाचण्या एका रात्रीत बंद करू नका, ही कळकळीची विनंती. उद्या तसा आदेश निघाला तर जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात वापरायला काहीच उरणार नाही, आणि रांगेतली मुले आणखी दोन वर्षे ताटकळतील. महाग परदेशी संच सक्तीचे झाले तर लहान गावांतली केंद्रे बंद पडतील. नवे नॉर्म्स सार्वजनिक पैशातून व्हायला हवेत आणि सरकारी केंद्रांना विनामूल्य मिळायला हवेत. काम अवाढव्य वाटते, पण मांडून पाहिले तर आवाक्यातले आहे. मराठीसाठी 6 ते 15 वयाचे दहा गट, प्रत्येकी 200 मुले, म्हणजे 2000. एका मुलाला दीड तास धरला तर एक परीक्षक दिवसाला दोन-तीन मुले नीट करतो. वीस परीक्षक असतील तर 33 ते 50 कामाचे दिवस. त्यावर प्रशिक्षणाचे दोन आठवडे, प्रवास, आणि किमान 5 टक्के उत्तरपत्रिकांची दुसऱ्याकडून स्वतंत्र गुणतपासणी. नमुना निवडताना शहर-गाव, मुलगे-मुली, शाळेचे माध्यम आणि आईचे शिक्षण हे चार निकष सोडू नयेत. फक्त सोयीच्या शहरी शाळांतून 2000 मुले गोळा झाली, तर सगळा खर्च करूनही गावातले मूल पुन्हा मंद ठरेल. सीमारेषेच्या आसपासची मुले मुद्दाम जादा घ्या, म्हणजे ती रेषा दोन मुलांवर उभी राहणार नाही.

मुलांच्या नोंदींचीही काळजी घ्यावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक आहे. तरीही बुद्ध्यांकाचा अहवाल व्हॉट्सअॅपवरून वर्गशिक्षकांपासून शिकवणीपर्यंत फिरतो. शाळेला शिफारशी पुरतात, आकड्यांची गरज नसते. पालकाला मात्र पूर्ण अहवाल मिळालाच पाहिजे, आणि आक्षेप असेल तर उत्तरपत्रिका दुसऱ्या पात्र तज्ज्ञाकडे पाठवण्याचा हक्कही. फेरचाचणी त्याच साधनाने वर्षाच्या आत घेऊ नये. सरावाने वाढलेले गुण सुधारणा म्हणून मोजले जातात.

नोंदवहीसाठी नियम, माणसे, निधी लागेल, ते आम्ही जाणतो. पण एक गोष्ट नवा कायदा न करता, आपल्या दोन मंत्रालयांच्या संयुक्त परिपत्रकाने येत्या तीन महिन्यांत होऊ शकते. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी दिल्या जाणाऱ्या प्रत्येक मानसशास्त्रीय अहवालावर पाच रकाने छापील असावेत: चाचणीचे नाव व आवृत्ती, नॉर्म्स गोळा केल्याचे वर्ष व नमुन्याचा प्रदेश, मुलाची घरची भाषा आणि चाचणी ज्या भाषेत घेतली ती, गुण त्याच्या 95 टक्के पट्ट्यासह, चाचणी प्रत्यक्ष घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक. यातला एकही रकाना रिकामा असेल, तर मंडळाने अहवाल पूर्ण करण्यासाठी परत पाठवावा. त्यासाठी मुलाला पुन्हा बोलावू नये, आणि त्याच्या अर्जाची तारीख मूळचीच धरावी.

आपले,
मराठीतून मानसशास्त्रीय चाचण्या घेणारे, शिकवणारे आणि बांधणारे